तसबिरीतला कान

गेल्या आठवड्यात कॉलेजात इटलीतल्या जुन्या राजदरबारांवरचं प्रकरण शिकवत होते. तिथल्या सरदार घराण्यांतल्या स्त्रिया पदरी गाणाऱ्या मुली ठेवत, त्यांच्याकडून आपल्या दालनात गाऊन घेत, आणि स्वतःचं चित्र काढून घेताना हातात एखादं वाद्य हमखास धरत, असं सांगून मी भिंतीवर तसलं एक चित्र दाखवलं. मखमली झगा, गळ्यात मोती, मांडीवर तारांचं वाद्य, आणि चेहऱ्यावर असा भाव की संगीत कळावं तर आम्हालाच. मागच्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "मॅडम, ये सच्ची में बजाती थी, का नुसतं फोटोसाठी पकडून राहिली?"

गोंदियाच्या पोरी अर्धं वाक्य हिंदीत आणि अर्धं मराठीत बोलतात, त्यात नवल नाही. वर्ग हसला. मीही हसले असते, पण त्या चित्राच्या जागी मला आमच्या बाई दिसायला लागल्या आणि उरलेलं प्रकरण मी कसंबसं उरकलं.

बाई म्हणजे आमच्या गावच्या मालकीणबाई. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. बाईंचं सासर जुन्या मालगुजार जमीनदारांचं. मालगुजारी कधीच गेली, पण धानाची जमीन होती, राइस मिल होती, आणि गावात बाईंना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. माझे बाबा त्यांचीच बांधी म्हणजे धानाचं शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर करायचे, त्यामुळे त्यांच्या घरी आम्ही मागच्या दारानं जायचो. पुढच्या दारानं, थेट बैठकीत, मी पहिल्यांदा गेले ती गाण्यामुळे. त्या दिवशी मी उंबरठ्यावरच अडखळले. बाई म्हणाल्या, "गळा सांभाळ, पाय मोडला तं चालते."

बैठकीत शिरलं की समोरच बाईंची तसबीर. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, नाटकं होतात, आणि त्या नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर वडसा गावाकडे असतात. तसल्याच एकाकडून बाईंनी ती काढून घेतली होती. बिचाऱ्याला पडद्यांची सवय. त्यानं बाईंच्या मागे संगमरवरी महाल, कारंजं आणि दोन मोर काढून टाकले. मध्ये बाई डोळे मिटून बसलेल्या, खांद्याशी तंबोरा. महालाला आणि मोरांना बाईंची हरकत नव्हती. पण तंबोऱ्याला त्यानं पाच तारा काढल्या होत्या. "माझ्या तंबोऱ्याले चारच आहेत," म्हणून बाईंनी एक तार पुसायला लावली. मग त्यांची नजर कानावर गेली.

"हा कान कोनाचा आहे?"

"तुमचाच जी, बाई."

"एवढासा? ह्या कानानं आयकू तरी येईल का कोनाले? मोठा कर."

पेंटरनं कान मोठा केला. बाई म्हणाल्या, आणखी. मग त्यानं आणखी मोठा केला, आणि कुडी लहान दिसायला लागली म्हणून ती पण मोठी केली. गावात नवीन आलेला माणूस त्या तसबिरीत आधी कान बघायचा, मग मोर, आणि मग बाई. तंबोरा मात्र खरा होता. गवसणी घालून बैठकीतच खुंटीला टांगलेला असायचा. तो खाली काढलेला मी कधी पाहिला नाही.

बाईंना सगळ्यात मोठा अभिमान त्या कानाचा. सोन्यानाण्याचा नाही, जमिनीचा तर मुळीच नाही. एकदा मंडईला आलेल्या दंडारीच्या शाहिरानं रिवाजाप्रमाणे घरच्या मालकिणीची स्तुती जोडून म्हटली. त्यात कोठारं भरलेली, गायी-म्हशी दारात, दानधर्म मोठा, असं सगळं आलं. बाईंनी त्याला भर अंगणात थांबवलं. "माझ्या धानाचं काय सांगतो? ते पाऊस आनि कालवा पिकवते. माझ्या कानाचं सांग." बिचारा शाहीर माणसांसमोर घामाघूम झाला. झाडाखाली बसून त्यानं नवीन कडवं रचलं, त्यात ‘कानाची पारख’ घातली, तेव्हा त्याला विडा मिळाला.

गावातल्या देवळासाठी घंटा घ्यायची होती तेव्हा तर कहर झाला. बाई बैठकीत पेटी वाजवणाऱ्या मास्तरांना पेटीसकट गाडीत घालून गोंदियाच्या भांडे बाजारात गेल्या. दुकानात मास्तरांनी पेटीची काळी चार ही पट्टी धरून ठेवायची आणि शेठजींनी एकेक घंटा वाजवून दाखवायची. रस्त्यावर गर्दी जमली. अर्धं दुकान वाजवून झाल्यावर शेठजी हात जोडून म्हणाले, "माताजी, घंटी है, इससे कोई शादी थोडी करनी है!" बाई म्हणाल्या, "रोज सकारी मले आयकाची आहे. नवऱ्याचं तरी आयकलं नसतं एवढं." जुळणारी घंटा शेवटी मिळाली. ती अजून देवळात आहे आणि अजून काळी चारमध्येच वाजते.

हे सगळं आज हसत हसत सांगते आहे, पण बैठकीत बसलेल्या आम्हा पोरी-सुनांना हसू यायचं नाही. दुपारची भांडीकुंडी उरकली की बाईंचं बोलावणं यायचं, आणि बाईंचं बोलावणं म्हटल्यावर कुठल्या सासूची नाही म्हणायची टाप नव्हती. बाई सागाच्या मोठ्या तखतावर, आम्ही खाली सतरंजीवर. एकेकीनं गायचं. बाई कुणालाही चांगलं म्हणत नसत. गाणं संपलं की एवढंच म्हणायच्या, "आनखी एक डाव." सूर चुकला तर मात्र तळहात वर व्हायचा आणि "अं हं" असा आवाज यायचा. पण त्यांचा एक कायदा होता आणि तो त्या आम्हाला सारखा ऐकवायच्या. "बेसुऱ्या मानसाले पहिल्याच ओळीले थांबवावं. सुरात असलेल्याले मधीच थांबवू नये. त्याच्याहून मोठं पाप नाही."

हा कायदा कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. उन्हाळ्यात मागच्या पडवीत आम्ही कैऱ्या चिरत बसलो होतो. त्या आपणहून म्हणाल्या, "माहेरी मी गात होती. देवरीच्या जवळ माहेर माझं. बापानं मास्तर ठेवला होता घरी. लगन होऊन अठी आली. एक दिवस आंगनात गात होती तं सासूबाईनं मधीच थांबवलं. म्हने, मालगुजाराच्या घरची बाई गात नसते. गानं अर्धंच राहिलं. तवापासून गायले बंदी. पन आयकाले कोन बंदी घालते? मंग मी आयकतच राहिली."

एवढं बोलून त्या पुन्हा कैऱ्या चिरायला लागल्या. मला तेव्हा रडू आवरेना. मी विळीचं निमित्त करून बोट तोंडात धरलं आणि उठून गेले.

माझी बारावी झाली त्या वर्षाची गोष्ट. बाईंचा मुलगा, ज्याला सगळं गाव भाऊ म्हणायचं, मिल मोठी करत होता आणि त्याला रिकाम्या पोत्यांसाठी, म्हणजे बारदान्यासाठी, जागा हवी होती. घरात सगळ्यात मोठी कोरडी खोली म्हणजे बैठक. तो आडून आडून बोलायचा. एकदा सगळ्यांसमोर बोलला तेव्हा बाई तखतावरून उठून उभ्या राहिल्या. "ज्या दिवशी मले सूर आयकू येनार नाही, त्या दिवशी अठी बारदाना भर. तवरी नाव काढू नोको." गावभर ही गोष्ट झाली. बाईंच्या तोंडून निघालेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे भाऊला माहीत होतं. तो शब्द त्यानं लक्षात ठेवला.

त्याच सुमाराला बैठकीत लहानसहान बदल व्हायला लागले. बाईंनी तखतावरची गादी काढायला लावली. पाठ दुखते म्हणाल्या. मास्तरांची पेटी आजवर खाली असायची, ती तखतावर घेतली. आम्हाला वाटलं, मास्तर म्हातारे झाले, त्यांचा मान ठेवला. बाई उघड्या फळीवर अनवाणी पाय टेकून, एक तळहात लाकडावर पालथा ठेवून बसायला लागल्या. आम्हाला खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवायच्या. एखादीनं लाजून पदर पुढे घेतला तर खेकसायच्या, "तोंड झाकून गाते का कोनी?" मास्तरांचं बोट जरा घसरलं तरी त्या पूर्वीसारख्याच ताडकन वळायच्या. आम्हाला मात्र कित्येक महिन्यांत त्यांनी थांबवलं नव्हतं. "अं हं" ऐकूच आलं नव्हतं. आम्ही पोरी घरी जाताना एकमेकींना टाळ्या द्यायचो. आम्हाला वाटायचं, आम्ही सुधारलो.

मंडईच्या दोन-चार दिवस आधी भाऊनं मला मिलच्या फाटकापाशी थांबवलं. मी बाबांची शिदोरी घेऊन बांधीवर चालले होते. हलकं धान कापणीला आलं होतं.

"तुझ्यासंगं काम आहे," तो म्हणाला. "आईले आयकू येत नाही."

मी शिदोरी या हातातून त्या हातात घेतली.

"मले माहीत आहे, घरात सगळ्यांले माहीत आहे. नाही माहीत ते फक्त आईले. परवा कालव्याच्या रस्त्यानं चालली होती. मागून ट्रॅक्टर आला. भोंगा वाजवून वाजवून पोट्टा थकला. शेवटी त्यानं ट्रॅक्टर बांधीत घातला म्हनून वाचली. उलटून मेला असता ना तो! गोंदियाचा डॉक्टर म्हनते, मशीन लावा. मशीन म्हटलं का आई बोलनंच बंद करते. म्हने, लोकं माझा कान पाहाले येतात, मशीन पाहाले नाही."

मग त्यानं काय ठरवलंय ते सांगितलं. मंडईच्या दिवशी दुपारी बाईंच्या घरी पहिलं गाणं होतं, ते झाल्याशिवाय बाजार सुरू व्हायचा नाही. यंदा पहिलं गाणं माझ्याकडे होतं. त्या दिवशी मास्तर पेटीच्या खुंट्या ओढणार नव्हते. खुंट्या आत राहिल्या की भात्याची हवा सुरांपर्यंत जात नाही. बोटं कितीही फिरवा, पेटी मुकी. आणि मी नुसतं तोंड हलवायचं.

"चार लोकांत समजलं का मंग मानेल ते. दुसरा रस्ता नाही."

"आणि बैठक?" मी विचारलं.

"बैठकीचं ते सोताच बोलली आहे."

भाऊ वाईट माणूस नव्हता. हे मी तेव्हाही जाणून होते आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली होती. तो लुच्चा असता तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंड हलवलं तर बाई वाचतील आणि मेल्याहून मेल्यासारख्या होतील. नाही हलवलं आणि उद्या कालव्यावर दुसरा ट्रॅक्टर आला तर? शिवाय बैठक गेली की माझं गाणंही चुलीपाशी जाणार, हे काही मी विसरले नव्हते. घरी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झालीच होती. मंडईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. आई विचारायची, "काऊन जेवत नाही वं?" मी म्हणायचे, गळ्याला जपते आहे.

मंडईच्या दिवशी सकाळपासून गावात पाहुणे. झुले उभे राहिले होते, जिलेबीच्या कढया चढल्या होत्या, दंडारीची पोरं झाडाखाली घुंगरू बांधत होती. दुपारी अंगण भरलं. सासरी गेलेल्या लेकी आल्या होत्या, त्यांचे नवरे मागे उभे. तखत बैठकीतून अंगणात आणलं होतं. भिंतीवरची तसबीरही बाईंनी बैठकीचं दार सताड उघडून अंगणातून दिसेल अशी ठेवली होती. बाई नवं पातळ नेसून बसल्या. पाय अनवाणी, तळहात लाकडावर. शेजारी मास्तर पेटी घेऊन बसले. मास्तरांचा मुलगा मिलमध्ये होता, त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

मास्तरांची बोटं पट्ट्यांवर फिरायला लागली. भाताही हलत होता. आवाज नाही. पुढच्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भाऊनं ओठांवर बोट ठेवलं, तशा त्या गप्प झाल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या. नेहमीसारखंच माझ्या तोंडाकडे. वाट बघत होत्या.

मी तोंड उघडलं. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत काय करणार ते माझं मलाच माहीत नव्हतं. पण त्यांच्या त्या नजरेसमोर नुसते ओठ हलवणं मला जमेना. त्यांच्याचकडे शिकलेलं गाणं त्यांनाच खोटं कसं दाखवणार? ऐकू येवो न येवो, मी गाणार. पेटी नव्हती, सूर धरायला काही नव्हतं, म्हणून देवळातली घंटा मनात आणली आणि तिथून उचललं. आवाज आधी थरथरला, मग लागला. आयुष्यात तेवढा स्वच्छ सूर मला पुन्हा लागला नाही. मागे कुणीतरी "अगं आई" म्हणालं. भाऊनं डोक्याला हात लावला.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मास्तरांच्या बोटांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, तळहात लाकडावर जरा सरकवला आणि पुन्हा दाबून ठेवला. मग तोच तळहात वर केला.

"थांब."

मी थांबले.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "खुंट्या काऊन नाही ओढल्या?"

अंगणात असा गलका उठला की बाहेरच्या झुल्यावरची पोरं उतरून बघायला आली. बायांनी तोंडाला पदर लावले. कुणी म्हणालं, "आयकलं न बाप्पा!" कुणी म्हणालं, "मालकीणबाईचा कान आहे तो." मास्तरांनी खुंट्या ओढल्या. भाऊ दारातून आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून तसाच राहिला. बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चारचौघांत म्हणाल्या, "बारदाना मिलमधीच ठेव." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पेटी नाही तं गानं नाही. सुरवातीपासून घे."

मी पुन्हा गायले, पेटीसोबत. बाईंनी तसबिरीतल्यासारखे डोळे मिटून ऐकलं. मंडई सुरू झाली. लोक जिलेबी खात हीच गोष्ट एकमेकांना सांगत होते. मी जिंकल्यासारखी अंगणात मिरवत होते. दोन ओळी गायल्यावर मला मध्येच थांबवलं, हे त्या आनंदात मला खुपलंसुद्धा नाही.

ऊन कलल्यावर बाईंनी मला बैठकीत बोलावलं. तखत पुन्हा जागेवर आणलं होतं. त्या एकट्याच होत्या. मला खिडकीपाशी, उजेडात उभं केलं.

"एक गोठ विचारतो. खरं सांगजो."

"हो जी."

"पहिल्या डावाले, पेटी बंद होती तवा, तू गाऊन राहिली होती का? का नुसतं तोंड हलवून राहिली होती?"

काढून टाकलेली गादी, तखतावर आलेली पेटी, अनवाणी पाय, लाकडावरचा तळहात, उजेडाकडे वळवलेली आमची तोंडं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. त्यांना पेटी ऐकू येत नव्हती. त्यांना ती लाकडातून कळत होती. लाकूड मुकं झालं, ते त्यांनी ओळखलं. माझा आवाज काही लाकडातून जात नव्हता. भरल्या अंगणात सगळ्यांनी ऐकलेलं माझं गाणं एकट्या त्यांना ऐकू आलं नव्हतं. आणि ते गायलं होतं त्यांच्यासाठी.

"गात होते जी," मी ओठ नीट हलवत म्हटलं.

"मोठ्यानं?"

"हो जी."

"सुरात?"

माझ्या गाण्याबद्दल मी त्यांच्यासमोर कधी ब्र काढला नव्हता. तो निकाल त्यांचा. पण त्या मला विचारत होत्या. मी मान हलवली.

बाई कितीतरी वेळ तखताच्या फळीवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, कोणाला सांगू नको. त्या म्हणाल्या, "मंग मी सुरात असलेल्याले मधीच थांबवलं."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी तळहात वर केला. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. मुलानं चारचौघांत मांडलेल्या डावानं जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्यानं झालं होतं. सासूनं अंगणात अर्धं ठेवायला लावलेलं गाणं त्यांना आठवत असणार. मला तर आठवतच होतं. मी त्यांच्या पायाशी बसून भोकाड पसरून रडले, आणि ते त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून आणखी रडले.

मग त्यांनी भाऊला हाक मारली. तो आला तर म्हणाल्या, "गोंदियाले गाडी काढ. अन् बैठकीत बारदाना भरून घे. मी बोलली होती."

भाऊनं गाडी काढली. बारदाना भरला नाही. तो म्हणाला, "आधी मशीन लावून तं पाहा. आयकू आलं तं तुझा शब्द मोडला कुठी?"

मशीन आलं. पहिले काही दिवस बाईंनी घर डोक्यावर घेतलं. कुकर एवढ्या मोठ्यानं ओरडतो हे मला कोणी सांगितलं नाही, सुना घरात काय काय बोलतात हे आता कळलं, हे मशीन मधूनच शिट्टी मारतं आणि ती शिट्टी ना काळीत ना पांढरीत. मग एक दिवस दुपारी बैठकीचं बोलावणं आलं. सगळ्या पोरी धास्तावून बसलो. बाईंनी मास्तरांना पेटी तखतावरून खाली घ्यायला सांगितलं. मास्तर बिचारे अजून त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

"तू वर ये," त्या मला म्हणाल्या. तखतावर आजवर बाई आणि मास्तर सोडून कुणी बसलं नव्हतं. मी अवघडून कडेला टेकले. "त्या दिवशी गायली तसं गा. पेटीबिगर."

मी डोळे मिटून देवळातली घंटा आठवली आणि सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ. जिथं थांबवलं होतं ती जागा ओलांडली. मी चोरून पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले, हात मांडीवर, लाकडावर नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्या पुसत नव्हत्या. ते बघताना माझा अंतऱ्याचा वरचा सूर जरासा खाली आला.

तळहात वर झाला.

"अं हं," बाई म्हणाल्या. "आनखी एक डाव."

चूक दाखवली म्हणून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्या दुपारी त्यांनी एकीलाही सोडलं नाही. आम्ही सुधारलो नव्हतो, चांगल्याच बिघडलो होतो. एकेक ओळ दहा दहा वेळा गाऊन घेतली. संध्याकाळी घरी जाताना कुणी कुणाला टाळी दिली नाही.

बैठक पुढे बाई होत्या तोवर चालली. माझी लग्नाची बोलणी बाईंच्या एका निरोपानं थांबली. मी गाणं शिकायला म्हणून गोंदियाला आले, शिकले, आणि पोटासाठी इतिहास शिकवायला लागले. मुलींना मी उगाच चांगलं म्हणत नाही, ही सवय कुठली ते त्यांना काय माहीत.

मशीन आल्यावर थोड्याच दिवसांनी बाईंनी वडशाच्या त्या पेंटरला पुन्हा बोलावलं होतं. तो म्हातारा झाला होता, चष्मा लागला होता. तसबीर भिंतीवरून उतरवली. बाई शेजारी खुर्चीवर बसल्या, डोक्यावरचा पदर मागे केला, आणि कान पुढे करून म्हणाल्या, "हे काढ."

पेंटरनं मशीनकडे पाहिलं, तसबिरीतल्या कानाकडे पाहिलं. भिडस्त माणूस. हळूच म्हणाला, "बाई, केसाखाली जरा लपवून काढतो जी. वरून पदर घेतो, कोनाले दिसनार नाही."

"लपवायचंच असतं तं तुले कायले बोलावलं असतं?" बाई म्हणाल्या. "नीट पाहून काढ. अन् एवढंस नोको काढू. मोठं काढ."

त्यानं मोठं काढलं. महाल, कारंजं, दोन मोर, चार तारांचा तंबोरा, आणि त्या भल्यामोठ्या कानामागे तेवढंच मोठं मशीन. भाऊनं ती तसबीर अजून तिथंच ठेवली आहे.